अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला व चित्रविद्येच्या अभ्यासाचें प्रयोजन

१. जुन्या पोथीची नक्कल करणारा लेखक आणि जुन्या चित्राची नक्कल करणारा विद्यार्थी या दोघांचें काम एकाच जातीचें आहे. मूळ जीर्ण होतें, त्यास कसर लागते, ओल शिरते. मागें राहते ती प्रत. पोथ्यांच्या बाबतींत हें आपल्या संशोधकांनीं केव्हांच ओळखलें आहे. प्रत कोणत्या काळची, लेखक सावध कीं निष्काळजी, त्यानें पदरचें काय घातलें, याची छाननी केल्यावांचून आपण एकहि पाठ स्वीकारीत नाहीं. चित्रांच्या नकलांची अशी छाननी क्वचितच होते. चित्र ही शोभेची वस्तु व त्याची नक्कल हें विद्यार्थ्याच्या हाताला वळण लावण्याचें साधन, येवढीच सामान्य समजूत आहे. ती किती अपुरी आहे, हें अजिंठ्याच्या नकलांचा इतिहास पाहिला असतां ध्यानांत येईल.

२. प्रथम मूळ चित्रांच्या प्रयोजनाचा विचार करूं. सतराव्या लेण्याच्या पडवींत भवचक्राचें चित्र आहे. विहाराच्या दाराशीं असें चक्र काढावें व येणाऱ्यास त्याचा अर्थ समजावून देण्यासाठीं एक भिक्षु नेमावा, अशी आज्ञा ‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथांत सांगितली आहे. म्हणजे चित्र काढणाऱ्याइतकेंच चित्र वाचून दाखविणाराचेंहि काम आवश्यक मानलें होतें. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांत मार्कंडेय वज्र राजास सांगतात तें याच विचारास धरून आहे: मूर्ति घडवावयाची तर चित्र कळलें पाहिजे, चित्रास नृत्य, नृत्यास वाद्य व वाद्यास गीत कळलें पाहिजे. चित्रविद्या ही एकटी कला नसून अनेक विद्यांच्या संगतींत शिकावयाची विद्या आहे, असा याचा इत्यर्थ.

३. आतां नकलांकडे वळूं. १८१९ सालीं हीं लेणीं इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडलीं. १८४४ सालीं मद्रास सैन्यांतील रॉबर्ट गिल यांची चित्रांच्या नकला करण्याकडे नेमणूक झाली. त्यांनीं वर्षानुवर्षें खपून केलेल्या मोठ्या नकला विलायतेस गेल्या व बहुतेक सर्व १८६६ सालीं सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई चित्रशाळेंतील अध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांनीं तें काम आपल्या विद्यार्थ्यांकडून करून घेण्याचें योजिलें. १८७२ च्या हिंवाळ्यांत आरंभ झाला व मधल्या खंडांसह १८८५ पर्यंत काम चाललें. सुमारें ३०० नकला तयार झाल्या. पेस्तनजी बमनजी हे पुढें नांवारूपास आलेले चित्रकार याच मंडळींतले. याहि नकला विलायतेस पाठविल्या गेल्या, आणि १८८५ च्या साउथ केन्सिंग्टन येथील आगींत त्यांतील मोठा भाग नष्ट अथवा खराब झाला. उरलेल्यांच्या व आधीं घेतलेल्या नोंदींच्या आधारें ग्रिफिथ्स यांचा दोन भागांचा ग्रंथ १८९६-९७ मध्यें प्रसिद्ध झाला.

४. या कामानें विद्यार्थ्यांस काय शिकविलें? चित्रशाळेंत ग्रीक व रोमन मूर्तींचे चुन्याचे ठसे पुढें ठेवून एका बाजूनें पडणारा उजेड व दुसरीकडची सावली रेखाटण्याचा परिपाठ होता. अजिंठ्याच्या भिंतीवर असली पडछाया नाहीं. तेथें भुंवईची एक वळणदार रेघ, ओठाची कड व नाकाच्या दांडीवर हलकेच दिलेला पांढरा हात एवढ्यावरच चेहरा उभा राहतो. माती, शेण व भाताचा तूस यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर, गेरू, काव, काजळ, हिरवी माती व लाजवर्दी निळा, अशा थोड्या सामग्रींत हें सर्व साधलें आहे. हिंदी विद्यार्थ्यापुढें ठेवण्यास याहून चांगले नमुने नाहींत, असा खुद्द ग्रिफिथ्स यांचा अभिप्राय होता. शाळेंत जें शिकले त्याहून निराळें शास्त्र आपल्याच डोंगरांत आहे, हें त्या विद्यार्थ्यांस पुस्तकांतून नव्हे, तर हातांतून कळलें. तथापि नकलांत शाळेची संवय कोठें कोठें डोकावते, अवयवांस मुळांत नसलेली गोलाई येते. पोथीच्या लेखकाच्या हातून त्याच्या बोलीचें रूप नकळत उतरावें, तसाच हा प्रकार होय.

५. दुसरा लाभ याहून मोठा आहे. जें दिसतें तें उतरविणें व त्याचा अर्थ लावणें या दोन क्रिया वेगळ्या आहेत. सोळाव्या लेण्यांतील एका प्रसिद्ध चित्रास ग्रिफिथ्स ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणत. शेजारच्या प्रसंगांत एक माणूस मुकुट घेऊन आला आहे, त्यावरून पुढील अभ्यासकांनीं ती नंदाची पत्नी सुंदरी असून पतीनें संसार सोडल्याचें कळून ती खचली आहे, असें ठरविलें. पहिल्या लेण्यांतील एका दरबारी प्रसंगांत फर्ग्युसन यांनीं चालुक्य पुलकेशीच्या सभेंतील इराणी वकिलात पाहिली व त्यावरून तें चित्र सातव्या शतकांत नेलें. आज बहुतेक अभ्यासक तीं लेणीं वाकाटक हरिषेणाच्या काळचीं, म्हणजे पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतलीं, मानतात. अर्थ बदलले, पण कित्येक नकलांत जेथें गिलावा पडला होता ती जागा तशीच कोरी ठेवली आहे, त्या आजहि साक्ष देतात. मनांतल्या कथेनें भोंक भरून न काढणें ही संशोधकाची पहिली शिस्त विद्यार्थ्यास चित्रानें शिकविली.

६. याची किंमतहि सांगितली पाहिजे. नकलेच्या वेळीं चित्रें स्पष्ट दिसावीं म्हणून भिंतींवर वार्निश चढविण्यांत आलें. तें पुढें काळवंडलें व मूळ चित्रांस अपाय झाला. १९२० नंतर निजाम सरकारनें इटलीहून जाणकार आणवून डागडुजी करविली. दरम्यान १९०९ ते १९११ या काळांत लेडी हेरिंगहॅम यांच्या बरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृति कलकत्त्याच्या तरुणांनीं पुन्हां नकला केल्या. त्यांची दृष्टि रेषेवर आहे, मुंबईकरांची घडणीवर. हे दोन हात म्हणजे एका ग्रंथाच्या दोन परंपरा होत. त्या ताडून पाहिल्या म्हणजे मुळाचा अदमास एकीपेक्षां अधिक खात्रीनें करतां येतो.

७. सारांश, चित्रविद्येचें फळ केवळ चित्रकार निपजविणें हें नव्हे. पाहण्याचा धीर, हाताचा प्रामाणिकपणा व अर्थ लावण्यापूर्वीं थांबण्याची संवय ही तीं शिकविते. आणि इतिहासाच्या अभ्यासकास याहून दुसरें काय हवें? वाईचा मोतीबाग, मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा इत्यादि ठिकाणीं पेशवाईंतील भित्तिचित्रें आहेत. भिंतीचें आयुष्य कागदाहून अधिक असतेंच असें नाहीं. तीं उभीं आहेत तोंवर विद्यार्थ्यांनीं त्यांच्या काळजीपूर्वक नकला कराव्या, भिंतीस कसलाहि लेप लावूं नये, आणि प्रत्येक नकलेखालीं पोथीच्या पुष्पिकेप्रमाणें स्थळ, तिथि, मूळाची अवस्था व नकलकाराचें नांव लिहावें. संग्राहकांनींहि अशा नकला रुमालांत बांधून पोथ्यांच्या बरोबरीनें जतन कराव्या. मूळ गेलें म्हणजे पुढच्या पिढीस वाद घालावयास तेवढीच प्रत हातीं राहणार आहे.