शस्त्र की व्यायाम? : खांद्याच्या दुखापतीचा एक इतिहास

मराठी भाषेने खांद्याला मोठा मान दिला आहे. जबाबदारी आपण खांद्यावर घेतो, चळवळीत खांद्याला खांदा लावतो आणि माणसाचा अखेरचा प्रवासही चौघांच्या खांद्यावरूनच होतो. परंतु भाषेला इतका भरवशाचा वाटणारा हा सांधा शरीररचनेच्या दृष्टीने मोठा नाजूक आहे. मांडीचे हाड कमरेच्या खोल वाटीत बसते. दंडाच्या हाडाचा गोल माथा मात्र उथळ बशीवर चेंडू ठेवावा तसा टेकलेला असतो. बशीच्या काठाला कूर्चेची एक कड आहे, भोवती चार स्नायूंच्या कंडरांचे वेष्टन आहे, आणि एवढ्या बळावर हात चहूकडे फिरतो. हाताला मोकळीक मिळाली ती सांध्याचा भक्कमपणा खर्ची घालून.

गिर्यारोहक याच सांध्यावर सारा देह तोलतो. कड्यावर पाय निसटला की एका हातावर झोका बसतो आणि त्या हिसक्याने कूर्चेची कड उसवते किंवा माथा बशीतून निखळतो. वर्षानुवर्षे डोक्यावर हात नेऊन शरीर ओढल्याने कंडरा झिजते ती वेगळीच. जर्मनीतील एका डॉक्टरांच्या पथकाने 2009 ते 2012 या काळात आपल्याकडे आलेल्या आरोहकांच्या 911 दुखापती नोंदल्या. त्यांत निम्म्याहून अधिक बोटांच्या होत्या आणि सुमारे 17 टक्के खांद्याच्या. आपल्याकडेही हा खेळ आता मूठभरांचा राहिलेला नाही. मुंबईची ‘गिरिविहार’ संस्था 1954 साली निघाली. तिच्याच यजमानपदाखाली 2016 साली नवी मुंबईत आरोहणाची जागतिक चषक स्पर्धा झाली. पुढे 2021 साली टोकियोत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. तेव्हा कड्यावर जाणाऱ्या मुलामुलींच्या घरी एक प्रश्न आज ना उद्या येणारच : खांदा दुखावला, आता शस्त्रक्रिया करावी की व्यायामाने बरा करावा?

आमचा प्रांत कामगारांचा. या विषयात आम्ही शिरलो ते हमालांच्या मागून. पाठीवर पोते घेणाऱ्या माथाडी कामगाराला आणि कड्यावर लोंबकळणाऱ्या तरुणाला डॉक्टर एकाच सांध्याचे चित्र दाखवितात आणि दोघांपुढे तेच दोन मार्ग ठेवतात. म्हणून या दोन मार्गांचा इतिहास काय सांगतो, ते पाहू या.

हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावे असलेल्या सांध्यांवरील ग्रंथात निखळलेला खांदा बसविण्याच्या अनेक रीती दिल्या आहेत. ज्यांचा खांदा वारंवार निखळे अशा कित्येकांना चांगली पात्रता असूनही कसरत सोडावी लागली, असेही तेथे नमूद आहे. अशांसाठी त्याने काखेत तापलेल्या लोखंडाचे डाग देण्यास सांगितले. सांधा खाली सरकतो आणि वैद्य मात्र वरच्या अंगाला डागतात, म्हणून त्याने समव्यवसायींना चांगले फटकारलेही आहे. व्रण भरताना कातडे आवळावे आणि माथ्याची वाट बंद व्हावी, ही त्यामागची कल्पना. हा शस्त्रमार्गाचा पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत खांदा निखळल्यास काख मुसळाने उचलून सांधा बसवावा आणि मग स्वस्तिक पद्धतीने बांधावा असे सांगितले आहे. त्याच अध्यायात मोडलेल्या तळहाताविषयी एक सूचना आहे : रोग्याने आधी मातीचा गोळा धरावा, नंतर मिठाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड. भार पायरीपायरीने वाढविण्याचे हे तत्त्व आजच्या फिजिओथेरपीचा कणा आहे. म्हणजे शस्त्र आणि व्यायाम हे दोन्ही मार्ग दोन हजार वर्षांहून जुने आहेत. नवे आहे ते त्यांतून निवड कशी करावी याचे ज्ञान.

या ज्ञानाचे एक पाऊल 1923 साली लंडनमध्ये पडले. ब्लंडेल बँकार्ट या शल्यचिकित्सकाने दाखवून दिले की, वारंवार निखळणाऱ्या खांद्यात मूळ बिघाड असतो तो बशीच्या पुढच्या काठावरून सुटलेल्या कूर्चेत. सुटलेली कड पुन्हा काठाला शिवावी, असा त्याचा आग्रह होता. त्याच 1923 साली आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात तुटलेल्या हाताबोटांची टक्केवारी होती. जो हात शाबूत आहे पण खांद्याच्या वर जात नाही, त्याची ठरीव टक्केवारी नव्हती. ते सारे डॉक्टरच्या दाखल्यावर राहिले. खांद्याचे दुखणे दिसत नाही, हीच त्याची मोठी अडचण.

दुसरे पाऊल याआधीच अमेरिकेत पडले होते, आणि ते टाकणाऱ्या माणसाचे आम्हांस विशेष अगत्य आहे. अर्नेस्ट एमरी कॉडमन हा बोस्टनचा शल्यचिकित्सक. खांद्याची फाटलेली कंडरा शिवल्याचे वृत्त त्याने 1911 साली प्रसिद्ध केले. पण त्याचा ध्यास वेगळाच होता. प्रत्येक रोग्याचे एक कार्ड ठेवावे, वर्षानंतर त्याला पुन्हा बोलवावे, आणि उपचाराचा अखेर उपयोग झाला की नाही, नसल्यास का नाही, ते लिहून जाहीर करावे, असे तो म्हणे. साधी गोष्ट! परंतु रुग्णालयांना ती रुचली नाही. 1914 साली त्याने मोठ्या रुग्णालयातील जागा सोडली. 1915 साली भर सभेत एक व्यंगचित्र दाखविले : वाळूत डोके खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी घालतो आहे आणि आसपासची प्रतिष्ठित मंडळी ती गोळा करीत आहेत. त्यानंतर त्याला बराच बहिष्कार सोसावा लागला. त्याने स्वतःच्या छोट्या रुग्णालयाचा हिशेब मात्र उघडा ठेवला : 337 रोगी आणि 123 चुका.

1934 साली त्याने खांद्यावरचा मोठा ग्रंथ पदरमोड करून छापला. त्याच्यापुढे येणाऱ्यांत अंगमेहनतीचे कामगार होते आणि त्यांची कंडरा फाटल्याचे ओळखलेच जात नाही ही त्याची तक्रार होती. हा गृहस्थ केवळ शस्त्रवादी नव्हता. ओणवे होऊन दुखरा हात लंबकासारखा सैल झुलविण्याचा जो व्यायाम आज सर्वत्र शिकवितात, तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. तो 1940 साली वारला. त्याच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो 2014 साली.

कॉडमनचा प्रश्न बाजूला ठेवल्यावर काय होते ते पुढील काळात दिसले. 1972 साली अमेरिकेतील चार्ल्स नीर याने खांद्याच्या वरच्या हाडाचा खालचा भाग तासून कंडरेला जागा करून देण्याची शस्त्रक्रिया मांडली. पुढे ती दुर्बिणीने होऊ लागली आणि झपाट्याने पसरली. इंग्लंडात 2000 साली अशा 2,523 शस्त्रक्रिया झाल्या, तर 2010 साली 21,355. दरम्यान हाड तासल्यानेच गुण येतो काय, याची रीतसर परीक्षा फारशी झालीच नव्हती. ती झाल्यावर 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापला गेला. 313 रोग्यांचे तीन गट केले होते. एकाचे हाड तासले, दुसऱ्यात केवळ दुर्बीण घालून पाहिले, तिसऱ्याला काहीच केले नाही. पहिल्या दोन गटांत फरक आढळला नाही, आणि तिसऱ्या गटापेक्षा त्यांना झालेला लाभ रोग्याला जाणवावा एवढा नव्हता. नॉर्वेत 118 रोग्यांवर बशीच्या वरच्या कडेच्या फाटीची अशीच परीक्षा झाली. हा बिघाड आरोहकांतही आढळतो. 2017 सालच्या त्या निकालात खरी शस्त्रक्रिया नुसत्या देखाव्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नाही.

तर मग शस्त्र टाकूनच द्यावे काय? तसेही नाही. नॉर्वेतच कंडरेच्या लहान-मध्यम फाटी असलेल्या 103 रोग्यांना दहा वर्षे तपासले. प्रथम दोन्ही मार्गांत अंतर थोडे होते. दहा वर्षांनी शिवलेल्यांची स्थिती अधिक चांगली निघाली. स्वीडनमध्ये प्रथमच खांदा निखळलेल्या, चाळिशीच्या आतील 255 जणांचा मागोवा तर 25 वर्षे घेतला. सुरुवातीला शस्त्रक्रिया न केलेल्या या खांद्यांपैकी सुमारे निम्मे पुन्हा निखळलेच नाहीत किंवा काळाने स्थिर झाले. उरलेल्यांपैकी पुष्कळांना शस्त्राची गरज पडली. कॉडमनला हवे असलेले कार्ड ते हेच.

या साऱ्यातून निवडीचा एक क्रम लागतो. खांदा झिजून, हळूहळू दुखू लागला असेल, तर काही महिने नेटाने व्यायाम करण्याचा मार्ग आधी घ्यावा. एका आघातात कंडरा तुटून हात उचलणेच थांबले असेल, तर विलंब न लावता शल्यचिकित्सकास दाखवावे, कारण तुटलेली कंडरा मागे आकसते आणि तिचा स्नायू सुकतो. तरुण आरोहकाचा खांदा वारंवार निखळत असेल आणि त्याला पुन्हा कड्यावर जावयाचे असेल, तर कड शिवण्याचा विचार रास्त आहे. मात्र शस्त्रक्रियेनंतरही कित्येक महिन्यांचा व्यायाम टळत नाही. ज्याला तो टाळण्यासाठी शस्त्र हवे आहे त्याची फसगत होते. चित्रात फाट दिसली म्हणजे दुखणे तिचेच, असेही नाही. उतारवयात पुष्कळांची कंडरा फाटलेली असते आणि खांदा कधी कुरकुरलेला नसतो.

येथे आमच्या प्रांतातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. व्यायामाचा मार्ग स्वस्त समजला जातो. पण त्याला वेळ लागतो, आणि रोजंदारीवाल्याचा वेळ म्हणजे त्याची मजुरी. हौशी आरोहक एक हंगाम कड्यापासून दूर राहू शकतो. हमालाला आठवडाभरही पोत्यापासून दूर राहता येत नाही. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कायदा झाला तेव्हा मंडळे आली, नोंदणी आली, आणि अंगमेहनतीच्या कामाला प्रथमच काही आधार आला. असा आधार ज्याला नाही त्याला वैद्यकाने कितीही उत्तम सल्ला दिला तरी तो पाळता येत नाही. मग दुखरा खांदा घेऊनच तो कामावर जातो, आणि जो खांदा सहा महिन्यांत सुधारला असता तो कायमचा जातो. भरपगारी रजा ही खांद्याच्या औषधयोजनेचाच भाग आहे, हे मालकांना पटविण्यात आमची बरीच वर्षे गेली आहेत.

तेव्हा आरोहक असो वा हमाल, डॉक्टरांसमोर बसल्यावर त्याने तीन प्रश्न विचारण्यास संकोचू नये. माझ्यासारख्या किती जणांवर हा उपचार केला? वर्षानंतर त्यांतील किती जण आपल्या कामावर किंवा कड्यावर परतले? आणि काहीच केले नाही तर काय होईल? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. बोस्टनच्या त्या हट्टी शल्यचिकित्सकाने ते स्वतःलाच विचारले होते आणि त्यापायी मोठी किंमत मोजली होती. आपल्याला ते विचारण्यास काही खर्च पडत नाही.