मालक नसलेली चावडी: युजनेट ते मॅस्टोडॉन

१९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस हे दोन पदव्युत्तर विद्यार्थी एका साध्या अडचणीवर विचार करीत होते. एका विद्यापीठातील संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्या विद्यापीठातील लोकांना वाचता यावा, आणि त्यासाठी सरकारी खर्चाने चालणाऱ्या अर्पानेटची परवानगी लागू नये. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन त्यांना येऊन मिळाला आणि १९८० साली युजनेट सर्वांसमोर आले. आपल्याच वयाच्या मुलांचा हा उद्योग. आजच्या धाग्याचा विषय मात्र त्यांचे तंत्र नव्हे, त्या तंत्रामुळे उभा राहिलेला पेच आहे: जिथे मालकच नाही, तिथे सभ्यता कोणी राखायची?

तंत्र थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. युजनेटला केंद्र नव्हते. प्रत्येक संगणक शेजारच्या संगणकाला दूरध्वनीवरून, बहुधा दर स्वस्त असताना रात्री, नवे लेख पाठवी. तो पुढच्याला देई. लेखांच्या प्रती ठिकठिकाणी साठत. म्हणजे एखादा लेख सर्वत्र नष्ट करण्याचा खात्रीचा अधिकार कोणाकडेच नव्हता. अधिकार होता तो एवढाच, की माझ्या यंत्रावर काय ठेवायचे आणि पुढे काय पाठवायचे हे मी ठरवीन. विकेंद्रित समाजमाध्यमांवरील नियमनाचा सारा इतिहास या एका वाक्याचा विस्तार आहे, असे माझे मत आहे.

आणि दूरध्वनीचे बिल कोणीतरी भरत होते. ज्या विद्यापीठांच्या व कंपन्यांच्या यंत्रांवरून सर्वाधिक लेख वाहत, त्यांच्या व्यवस्थापकांचा एक अनौपचारिक गट तयार झाला. लोक त्याला थट्टेने ‘बॅकबोन कबाल’ म्हणत, म्हणजे कण्याच्या ठिकाणी बसलेली गुप्त मंडळी. १९८६-८७ मध्ये या मंडळींनी सगळ्या चर्चासमूहांची नावे बदलून त्यांची सात शाखांत मांडणी केली. त्यातील ‘टॉक’ ही शाखा वादग्रस्त विषयांसाठी होती. युरोपातील केंद्रांना महागड्या आंतरराष्ट्रीय जोडणीवरून असली भांडणे वाहून नेण्याची इच्छा नव्हती. सगळी भांडणे एका शाखेत घातली, की ती शाखा नाकारणे सोपे झाले. दिसायला हे ग्रंथालयाचे वर्गीकरण, पण ते प्रत्यक्षात नियमनच होते. अभिलेखागारात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते, की वर्गीकरण कधीच निरागस नसते.

याची प्रतिक्रिया लगेच उमटली. अमली पदार्थांवरील चर्चेसाठी समूह निर्माण करण्यास बॅकबोनने नकार दिला. पाककृतींच्या समूहाला निर्मात्याने सुचवलेले नावही बदलून टाकले. मे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील एका खानावळीत ब्रायन रीड, जॉन गिलमोर आणि गॉर्डन मॉफेट भेटले आणि त्यांनी ठरवले, की आपण आपल्या यंत्रांमधून स्वतंत्र वाटेने लेख नेऊ. त्यातून ‘ऑल्ट’ ही शाखा निघाली. एक पाककृतीचा हट्टी संपादक आणि एक कट्टर स्वातंत्र्यवादी यांच्या रागातून युजनेटची सर्वांत मोकळी, आणि पुढे बऱ्याच अंशी सर्वांत गलिच्छ, शाखा जन्मावी यातली गंमत सोडून द्या. महत्त्वाचे हे, की बॅकबोनला ती थांबवता आली नाही.

मग सभ्यता टिकली कशाने? दोन गोष्टींनी. पहिली, संपादित समूह. तिथे लेख आधी एका संपादकाकडे जाई आणि त्याने मान्य केला तरच प्रसिद्ध होई. १९८७ मध्ये ब्रॅड टेम्पलटन याने विनोदांचा असा समूह सुरू केला आणि तो अफाट वाचला जाऊ लागला. १९८८ च्या अखेरीस ज्यू आणि स्कॉटिश माणसांच्या कंजूषपणावरील एका विनोदाने वादळ उठले. जानेवारी १९८९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपल्या यंत्रांवर तो समूहच बंद केला. कृत्रिम बुद्धिमत्तेचे आद्य संशोधक जॉन मॅकार्थी तेथेच प्राध्यापक होते. समूह बंद करणे म्हणजे ग्रंथालयातून पुस्तक काढून टाकणे होय, अशी बाजू त्यांनी लढवली आणि विद्यापीठाला निर्णय मागे घ्यावा लागला. मॅकार्थींची बाजू मला पटते; परंतु त्या विनोदाने दुखावलेल्या वाचकाचे म्हणणे या गदारोळात किती ऐकले गेले, हाही प्रश्न इतिहासकाराने विचारलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक होती: शिकवण. दर सप्टेंबरात अमेरिकी विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, युजनेटवर धिंगाणा घालत, जुने सदस्य त्यांना दटावत, वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची यादी वाचायला लावत, आणि महिन्याभरात सगळे सुरळीत होई. आखाड्यात नवा पोरगा जसा उस्तादाच्या नजरेखाली तयार होतो, तसेच हे. १९९३ नंतर व्यापारी सेवांमधून, पुढे अमेरिका ऑनलाइनमधून, नवखे इतक्या संख्येने आले की शिकवणारे हात कमी पडले. जुन्या लोकांनी त्या काळाला ‘कधी न संपलेला सप्टेंबर’ असे नाव दिले. त्या नावात थोडा अहंकारही आहे. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हा सूर प्रत्येक पिढीत उमटतो, म्हणून हे साधन जरा जपूनच वापरावे.

आपली माणसेही त्या गर्दीत होती. ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ या समूहावर नव्वदच्या दशकात देशोदेशीचे मराठी भाषक गप्पा मारत. देवनागरी उमटवण्याची सोय नसल्याने तिथली मराठी रोमन अक्षरांत लिहिली जाई.

१२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोनातील कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने अमेरिकी ग्रीन कार्डच्या सोडतीची जाहिरात हजारो समूहांवर एकाच वेळी टाकली. लेखकाला स्वतःचा लेख मागे घेता यावा म्हणून युजनेटवर ‘रद्द’ करण्याचा संदेश होता. तो पाठवणारा खरोखर लेखकच आहे का, हे तपासण्याची सोय मात्र नव्हती. नॉर्वेतील एका प्रोग्रामरने हीच फट वापरून त्या जाहिराती पुसणारा कार्यक्रम लिहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण ज्या हत्याराने जाहिरात पुसता येते, त्याने विरोधकाचा लेखही पुसता येतो. आणि तेही पुढे घडले. १९९७ मध्ये तर जाहिरातींना आळा न घालणाऱ्या यूयूनेट या कंपनीवर स्वयंसेवकांनी ‘युजनेट मृत्युदंड’ पुकारला: तिच्याकडून येणारे सगळे लेख, निरपराध ग्राहकांचेही, रद्द. काही दिवसांतच कंपनी वठणीवर आली.

हा सामूहिक बहिष्कार लक्षात ठेवा, कारण तो पुन्हा भेटणार आहे. २०१६ मध्ये जर्मनीतील युजेन रोच्को या तरुणाने मॅस्टोडॉन प्रसिद्ध केले. २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ‘ॲक्टिव्हिटीपब’ हे प्रमाण मान्य केले आणि वेगवेगळ्या सर्व्हरना परस्परांशी बोलण्याची भाषा मिळाली. प्रत्येक सर्व्हरचे नियम वेगळे, नियामक वेगळे. पटत नसलेल्या सर्व्हरचा आवाज कमी करता येतो किंवा त्याच्याशी संबंधच तोडता येतो. जुलै २०१९ मध्ये अतिउजव्यांचे आश्रयस्थान ठरलेले ‘गॅब’ मॅस्टोडॉनच्याच प्रणालीवर आले. प्रणाली मुक्त, त्यामुळे रोच्कोला ते रोखता येईना. पण शेकडो सर्व्हरांनी दार लावले, काही ॲपांनीही गॅबला प्रवेश नाकारला. मालकाविना बहिष्कार यशस्वी होऊ शकतो, याचे हे आधुनिक उदाहरण.

त्याच वर्षी नोव्हेंबरात भारतीयांचा एक मोठा गट मॅस्टोडॉनवर गेला. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाले होते. कारणांपैकी एक होते १९३६ सालच्या हॅम्बुर्गमधील ते प्रसिद्ध छायाचित्र: गर्दी नाझी सलामी देत आहे आणि एक माणूस, जो ऑगस्ट लँडमेसर असल्याचे मानले जाते, हाताची घडी घालून उभा आहे. नाझीविरोधी चित्रावर द्वेषाचा शिक्का बसला. त्याच काळात ट्विटरवर जातीय पक्षपाताचा आरोपही होत होता. संदर्भ न कळणारा दूरस्थ नियामक नको, आपला माणूस हवा, ही त्या स्थलांतरामागची भावना होती.

पण आपला माणूस म्हणजे कोणाचा? २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मॅस्टोडॉनचे मासिक सक्रिय वापरकर्ते सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेले. त्या लाटेत आलेल्या अनेक कृष्णवर्णीयांना जुन्या सदस्यांनी सांगितले, की वंशभेदाचे अनुभव इशाऱ्याच्या पडद्याआड लिहा, आम्हाला त्रास होतो. पडद्याची सोय मुळात दयाळू हेतूने केलेली होती. इथे तिने बोलणाऱ्याचेच तोंड झाकले. ज्या समाजात ‘जातीचा विषय काढू नका, वातावरण बिघडते’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते, त्यातील वाचकाला हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि नियामक थकतो. मॅस्टोडॉन.लोल हा हजारो सदस्यांचा सर्व्हर एकटा माणूस चालवत होता. सदस्यांमधील वादात त्याच्यावरच शिव्यांचा भडिमार झाला, तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने सर्व्हर बंद करण्याचे जाहीर केले आणि सदस्यांना इतरत्र जाण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली.

मॅस्टोडॉनवर घर बदलताना अनुयायी सोबत नेता येतात. जुन्या नोंदी नव्या खात्यावर येत नाहीत. युजनेटचे १९८१ पासूनचे लेख आज वाचता येतात, ते टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात काम करणाऱ्या हेन्री स्पेन्सर यांनी ते चुंबकीय फितींवर उतरवून ठेवले म्हणून. अशा १४१ फिती होत्या. २००१ मध्ये त्यांतील मजकूर गूगलच्या संग्रहात गेला. वर सांगितलेली ऐंशीच्या दशकातील कितीतरी भांडणे त्या फितींमुळेच आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. मॅस्टोडॉन.लोलवरील संभाषणांपैकी इतर सर्व्हरांवर विखुरलेल्या प्रती काय उरल्या असतील तेवढ्याच.