कोलारच्या पाताळातील शिल्लक

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीच्या काळ्या रानात उभ्या असलेल्या माणसाच्या नखाएवढ्या जागेतून सूर्याचे सुमारे ६० अब्ज न्यूट्रिनो दर सेकंदाला आरपार जातात, आणि मध्यरात्री तेच कण सबंध पृथ्वी भेदून पायांखालून वर येतात. अशा अलिप्त कणांकडे सृष्टीच्या अस्तित्वाचा जाब मागावा लागेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य समसमान निर्माण झाले असेल, तर परस्परांचा संहार होऊन प्रकाशावाचून काही उरावयास नको होते; परंतु दर अब्जामागे सुमारे एक कण शिल्लक राहिला, आणि त्या शिलकेतूनच तारे, डोंगर व आपण झालो. या जमाखर्चाची तोंडमिळवणी करण्याच्या खटपटीत कोलारच्या सोन्याच्या खाणीचा वाटा किती, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील श्रीकांतन हे होमी भाभांच्या सूचनेवरून १९५१ मध्ये त्या खाणीत उतरले, ते विश्वकिरणांतील म्युऑन नावाचे कण मोजण्यासाठी. खोली वाढली तशी संख्या घटत गेली, आणि अखेरीस तळाशी दोन महिने यंत्र चालूनही एकही नोंद पडली नाही. सरकारी दप्तरात असे कोरे पान कामचुकारपणाचा पुरावा ठरले असते. येथे मात्र न्यूट्रिनोची चाहूल घेण्यास योग्य अशी निःशब्द जागा गवसली. ओसाका व डरहॅम येथील संशोधकांसह २.३ किलोमीटर खोलीवर चकाकी देणाऱ्या प्लास्टिकच्या उभ्या भिंती समोरासमोर रचण्यात आल्या. एवढा खडक भेदून वरचा म्युऑन आडवा येणे जवळजवळ अशक्य. तेव्हा जो आडवा आला, तो शेजारच्या खडकात न्यूट्रिनोनेच जन्मास घातलेला. १९६५ मध्ये असे कण सापडले. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत अमेरिकी शास्त्रज्ञ राइन्स यांनाही तेव्हाच यश आले, पण कोलारचा निबंध थोडा आधी छापला गेला.

पुढे १९६७ मध्ये रशियन शास्त्रज्ञ साखारोव्ह यांनी द्रव्याच्या आधिक्याच्या अटी मांडल्या. प्रोटॉन अमर नसावा, हे त्यांतूनच निघत होते. १९८० मध्ये कोलारात १४० टन लोखंडाचे यंत्र त्याच्या मरणाची वाट पाहू लागले. काही संशयित घटना जाहीर झाल्या, परंतु अमेरिकेतील व जपानमधील मोठ्या यंत्रांनी त्यांना दुजोरा दिला नाही, आणि तो दावा मागे पडला. गंमत अशी की या शोधात न्यूट्रिनो हा केवळ उपद्रव मानला जाई, आणि जपानच्या सुपर-कामिओकांडे या शोधयंत्रात १९९८ मध्ये त्याच उपद्रवाने स्वतःला वस्तुमान असल्याचे सिद्ध केले. फुकुगिता व यानागिदा या जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच सुचविले होते की या हलक्या कणांचे अतिजड भाऊबंद आद्यकाळी विघटन पावताना द्रव्यास किंचित झुकते माप देऊन गेले असावेत. त्या कल्पनेस आता बळ आले. न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो आपले रूप वेगवेगळ्या प्रमाणात पालटतात, असा संकेत जपानच्याच टी-टू-के प्रयोगाने २०२० मध्ये दिला. तो संकेतच आहे, निवाडा नव्हे.

कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. प्रयोगशाळा त्याआधीच गुंडाळली गेली होती. तिची जागा घेणारी तमिळनाडूतील थेनीची न्यूट्रिनो वेधशाळा, जिचे लोखंड ५० हजार टन व्हावयाचे होते, २०१५ मध्ये मंजूर होऊनही परवानग्या आणि कोर्टकचेऱ्यांत अडकली, आणि तूर्त मदुराईतील ८५ टनांच्या नमुन्यावरच काम भागवावे लागत आहे.