पोटातला 'कार्डिया'

एंडोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये 'कार्डिया' दिसलं की आपल्या छातीत धस्स होतं. घाबरू नका, अन्ननलिका जठराला मिळते ती ही जागा! ग्रीकमध्ये 'कार्डिया' म्हणजे हृदय, आणि जठराचं हे वरचं तोंडही. इ.स.पू. ४३० मध्ये अथेन्समध्ये आलेल्या साथीबद्दल थ्युसिडिडीस लिहितो, की रोग 'कार्डिया'त उतरला की पित्ताच्या उलट्या होत. इथे हृदय नव्हे, जठराचं तोंडच, असं पुढे दुसऱ्या शतकात गॅलन वैद्याने बजावलं.

गोंधळ नुसता शब्दांचा असता तर गंमत होती. पण जठर आणि हृदय यांच्यामध्ये जेमतेम एक पडदा, आणि दोघांच्या तक्रारी मेंदूकडे जवळपास एकाच वाटेने जातात. म्हणूनच रात्री २ वाजता तुम्ही "ॲसिडिटीच आहे हो" म्हणालात तरी डॉक्टर आधी ईसीजी काढतात.