चारमिनार छाप रुपया मोडीत देण्याआधी

छत्रपती संभाजीनगरातल्या जुन्या घरांत आजीच्या पेटीतून कधीकधी एक चांदीचा रुपया निघतो. त्यावर राजा-राणीचा चेहरा नसतो, चारमिनार असतो. हा निजामाचा ‘हाली सिक्का’. हाली म्हणजे चालू, चलनातला. मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि बाजारात हेच नाणं चाले. इंग्रजांच्या रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणत. साधारण सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे, कारण हालीत चांदीच कमी. हाली 11.18 ग्रॅमचा, त्यात सुमारे 82 टक्के चांदी; कलदार 11.66 ग्रॅमचा, त्यात जवळपास 92 टक्के. म्हणून सराफाने हालीला कमी भाव सांगितला तर तो फसवतोच आहे असं नाही.

पण सराफ तोलतो वजन. संग्राहक आधी चारमिनारची मधली कमान बघतो. चारमिनारचं चित्र हिजरी 1321 मध्ये, म्हणजे 1903-04 च्या सुमारास, रुपयावर आलं. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान गादीवर होते, म्हणून कमानीत ‘मीम’ हे अक्षर. 1911 मध्ये उस्मान अली खान आले आणि तिथे ‘ऐन’ आलं. सुरुवातीच्या नाण्यांवर हे ऐन अर्धवट आहे, पुढच्या नाण्यांवर पूर्ण. भिंगाशिवाय हा फरक सुटतो. साल हिजरी असतं, त्याला 0.97 ने गुणून 622 मिळवा, इसवी सन जवळपास बरोबर येतं. नाण्यावरचा 92 हा आकडा मात्र साल नव्हे. अरबी अक्षरांच्या आकडेमोडीत ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज 92 होते.

चिंच किंवा पितांबरीने नाणं घासू नका. काळपटपणा चालतो, ओरखडे चालत नाहीत. हारासाठी कडी डाकलेलं असेल तर संग्राहकाच्या लेखी किंमत घटते, आजीच्या आठवणीची गोष्ट वेगळी.

‘जुनं नाणं द्या, लाखो मिळवा’ असे मेसेज येतात आणि आधी कमिशन मागतात. अशा व्यवहारांसाठी आपण कुठलंही शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच जाहीर केलं आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी पाठवायला कायद्याने बंदी आहे. आणि पाया खोदताना नाण्यांनी भरलेलं गाडगं सापडलंच, तर ते वाटून घेता येत नाही. 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.