मुळाबरहुकूम

लग्न ठरले, की आपण धर्मग्रामाच्या कचेरीत स्नानसंस्काराचा दाखला मागायला जातो. जाड वही उघडते, ओळ सापडते, ती छापील कागदावर उतरते. धर्मगुरूंची सही होते, शिक्का उमटतो. ही वही आली कोठून?

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने नोव्हेंबर १५६३ मध्ये तिचा पाया घातला. त्या काळी गुप्त विवाहांचा सुळसुळाट झाला होता; एकीशी चोरून लग्न लावून दुसरीला उजळमाथ्याने वरणारे महाभाग होते. म्हणून वधूवर, साक्षीदार, दिवस व स्थळ लिहून ठेवण्याची आज्ञा झाली. स्नानसंस्काराच्या नोंदीचे कारण याहून विलक्षण. धर्ममातापित्यांशी जडणारे आध्यात्मिक नाते विवाहाच्या आड येई, म्हणून त्यांची नावे टिपायची. जन्मतारखेचा पुरावा हा हेतू तेथे नव्हताच! पुढे १९०७ च्या 'ने तेमेरे' या आज्ञापत्राने विवाहाची नोंदही स्नानसंस्काराच्या वहीत करण्याचा दंडक घातला. लग्नाच्या वेळी पेटीतला जुना दाखला चालत नाही, नवा आणावा लागतो, त्याचे इंगित हे.

ख्रिस्तसभेचे स्वतःचे नोटरी असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार धर्मप्रांताचा चॅन्सलर पदसिद्ध नोटरी असतो. लॅटिन नकलेखाली 'कॉन्कॉर्दात कुम ओरिजिनाली' असे लिहीत. आपल्या जुन्या दप्तरी भाषेत 'मुळाबरहुकूम'.

सरकारी व्यवहारात मात्र दोन गोष्टींची गल्लत होते. १८७२ च्या पुरावा कायद्यातील प्रमाणित नकल, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या नव्या कायद्यातीलही, ज्याच्या ताब्यात मूळ दप्तर आहे तो अधिकारी देतो. १९५२ च्या कायद्याखालील नोटरी आपण नेलेला कागद प्रतीशी ताडून पाहतो. मूळ कागदातील मजकूर खरा आहे, अशी ग्वाही त्याची सत्यप्रत देत नाही.

याचा चटका आम्हांला घरीच बसला. आजोबांचे नाव वहीत 'डोमिंगोस', सातबाऱ्यावर 'डुमिंग'. वारसनोंदीसाठी दोन्ही कागदांच्या रीतसर नकला केल्या. दोन्ही मुळाबरहुकूम, दोन्ही निर्दोष; आणि त्यांतून आजोबा मात्र दोन झाले! ज्या कचेरीत अर्ज दिला, तेथून तो दोनदा परत आला. अखेरीस दोन्ही नावे एकाच इसमाची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले, आणि आजोबांना ओळखणारे शेजारचे एक वृद्ध साक्षीला आले. त्यांचा अंगठा घेतला, शिक्का बसला. वहीतली ओळ तशीच आहे. तिच्यावर आम्ही काही खोडू दिले नाही.