लिओनार्दोचा नोकरीचा अर्ज

मध्यंतरी माझ्या भाचीने तिचा बायोडाटा तपासायला दिला. तीन पानं. पहिल्यावर जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि छंद: वाचन व प्रवास. तिला कुठलं काम येतं हे कळायला तिसरं पान उलटावं लागलं. मग तिला मी एका जुन्या अर्जाची गोष्ट सांगितली.

हा अर्ज साधारण १४८२ सालचा. अर्जदार फ्लॉरेन्सचा, वय तिशीचं, नाव लिओनार्दो दा विंची. मालक मिलानचा लुदोविको स्फोर्त्सा. गादीवर पुतण्या आणि कारभार काकाच्या हातात, हे नातं आपल्याला समजावून सांगायला नको. त्या वर्षी मिलान व्हेनिसविरुद्ध युद्धात उतरलं होतं. लुदोविकोला चित्रांची आवड होती, पण त्या घटकेला त्याला झोप लागू देत नव्हतं ते युद्ध.

लिओनार्दोने हे ओळखलं. सुरुवातीलाच तो म्हणतो की, युद्धयंत्रांचे उस्ताद म्हणवणाऱ्यांची कामं मी पाहिली, त्यांत नवं काही नाही. मग क्रमांक घालून दहा कलमं. उचलून नेता येतील असे हलके पूल. वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी काढण्याची रीत. आवाज न करता खणायचे भुयारी रस्ते. तोफा, आच्छादित रथ, समुद्रावरच्या लढाईची साधनं. नऊ कलमं लढाईचीच! दहाव्यात शांततेच्या काळातली कामं येतात, इमारती आणि पाण्याचे पाट. त्यानंतर मूर्तिकाम, आणि चित्रंही कोणाहीइतकी चांगली काढीन, एवढंच. ज्या कलेत तो वाढला, ती जवळजवळ तळाशी.

भाचीने बरोबर जागी बोट ठेवलं. ‘‘पण मामा, हे सगळं त्याने केलं होतं का?’’

बहुधा नाही. त्याचं नाव चित्रकार म्हणून होतं. पण पत्राची भाषा बघा. माझ्याजवळ रीत आहे, मला येतं, मी करून देईन. अमक्या सरदाराला अमुक यंत्र बांधून दिलं, असं तो कुठेही लिहीत नाही. आणि शेवटी म्हणतो, यातलं काही अशक्य वाटलं तर तुमच्या बागेत किंवा म्हणाल तिथे करून दाखवतो. फुशारकी आहेच, पण परीक्षेची तयारीही आहे. खोटा अनुभव लिहिणाऱ्यापेक्षा हा माणूस मला बरा वाटतो.

गाळलं मात्र बरंच. ज्या वेरोक्क्योच्या हाताखाली तो शिकला, त्याचं नाव नाही. १४८१मध्ये एका मठाचं मोठं चित्र अंगावर घेतलं आणि अपुरं टाकलं, त्याबद्दल अवाक्षर नाही. काम अर्धवट सोडण्याची खोड त्याला जन्मभर होती. मिलानला ती पुढे कळलीच.

या पत्राचा मसुदा मिलानच्या आम्ब्रोसियाना ग्रंथालयात ‘कोदेक्स आतलांतिकुस’ या बाडात आहे. अक्षर त्याचं नाही, दुसऱ्या कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. पत्र खरोखर पोचलं की नाही याचा पुरावा नाही. पण तो मिलानला गेला आणि सुमारे सतरा वर्षं राहिला.

पत्रात आणखी एक वचन होतं. लुदोविकोच्या वडिलांच्या स्मरणार्थ ब्राँझचा घोडा करून देण्याचं. १४९३मध्ये त्याचा मातीचा प्रचंड नमुना उभा राहिला. पण ओतण्यासाठी जमवलेलं ब्राँझ १४९४मध्ये लुदोविकोने तोफांसाठी पाठवून दिलं. १४९९मध्ये फ्रेंच सैन्य मिलानमध्ये शिरलं, तेव्हा त्यांच्या तिरंदाजांनी त्या मातीच्या घोड्यावर नेमबाजी केली.

भाचीचा बायोडाटा आता एका पानाचा आहे. ‘छंद: वाचन’ तिने ठेवलं. मी म्हटलं, राहू दे.